दोष वाइंडिंगमध्ये नव्हता, इंदू

इंदू, तुझ्या भावाला मी रडवला. चार माणसांसमोर रडवला. तुझा फोटो त्याच्यापुढे धरला आणि म्हटलं, आता हिच्याकडे बघून बोल. तो बोलला. बोलताना नाकातून पाणी आलं त्याच्या. मला इतकं बरं वाटलं की तू गेल्यापासून पहिल्यांदा मी दोन भाकरी खाल्ल्या.

समाजाच्या मासिकवाल्यांनी एक पान दिलंय. आईवर काहीतरी लिहा म्हणून आपली सुमी मागं लागली. तुझा जन्म कधी, लग्न कधी, मागे कोण कोण, यातलं काही मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मी चौथी शिकलेला माणूस, शुद्धलेखन ते लोक सुधारून घेतील. शिव्या मात्र काढू नका, असं सांगून ठेवलंय.

धरणगावच्या दुकानाच्या पाटीवर नाव माझं. पण गाडीची वीज करणारा अल्टरनेटर जळाला की तो गोणीत घालून रावेरहून केळीचे ट्रकवाले यायचे ते तुझ्या हातासाठी. आल्या आल्या विचारायचे, "नाना, काकूंना टाईम आहे का?" नानाला टाईम आहे का, हे चाळीस वर्षांत एकानेही विचारलं नाही. वायरिंग माझी, वाइंडिंग तुझी. गाडीच्या तारा मी ओढायचो, आणि अल्टरनेटरच्या पोटातली तांब्याची तार तू गुंडाळायचीस. फेरे मोजताना तुझे ओठ हलायचे, तेव्हा तुला हाक मारायची नाही असा नियम होता. एकदा मी पाणी मागितलं. तुझी मोजणी मोडली. त्या कप्प्यातली सगळी तार उकललीस, पहिल्यापासून मोजायला घेतलीस आणि म्हणालीस, "पानी आते तुम्हीच ल्या." तेव्हापासून मी माझं पाणी माझ्या हाताने घेत आलो.

वाइंडिंगवरचं वार्निश वाळवायला लोक भट्टी घेतात. तू मे महिन्यात पत्र्यावर मांडून ठेवायचीस आणि मांजर येऊ नये म्हणून शेजारी कांदे सोलत बसायचीस. जळगावच्या उन्हाचा फायदा झालेली माणसं मला दोनच माहीत आहेत, एक केळीवाला आणि दुसरी तू.

आता तुझ्या भावाचं. वाचणाऱ्यांना सांगतो, रमेश हा हिचा धाकटा भाऊ. धुळ्याला देवपुरात राहतो. कॉलेजच्या वर्कशॉपमधून रिटायर झाला. रिटायर झाल्यावर लोक तीर्थाला जातात, हा विमान बांधायला बसला. गावाबाहेर शेतात शेड टाकली. लाकडाचा सांगाडा, वर कापड, पुढे मोटारीचं इंजिन. उडवायची परवानगी अजून कागदांत अडकली आहे, तोवर शेतातल्या सरळ पट्टीवर तो ते नुसतं पळवतो. तू पहिल्यांदा बघितलंस तेव्हा तोंडाला पदर लावून हसलीस. म्हणालीस, आमच्या बापाला जोडीचे दोन बैल मिळाले नाहीत आणि हा वर जायला निघाला.

पण तो म्हणाला, "अक्का, अल्टरनेटर मला तुझ्याच हातचा पाहिजे," तेव्हा तू हसली नाहीस. छोट्या मोटारीचा जुना अल्टरनेटर घेतलास, चार दिवसांच्या कामाला पंधरा दिवस लावलेस. दोनदा उकललास. मी म्हटलं, अगं बस झालं. तू म्हणालीस, हा वर बंद पडला तर उतरून ढकलता येणार नाही.

मग तो दिवस. रमेशने चार मित्र बोलावले होते. एक जण मोबाईलवर शूटिंग करत होता. तुझ्या हातात भरिताचा डबा. इंजिन सुरू झालं आणि व्होल्टची सुई नाचायला लागली. बारावर, चौदावर, परत बारावर. रमेशने इंजिनाचा वेग चढवला तशी सुई सोळाच्या पुढे गेली. जळका वास आला. त्याने बाहेरून मागवलेला पडदा, ज्यात उंची-वेग सगळं दिसतं, तो काळा पडला. रमेश खाली उतरला आणि तुझ्यासमोर येऊन म्हणाला, "अक्का, ही पिठाच्या गिरणीची मोटर नाही. इथं माणूस वर असतो. घरच्या बाईकडून वाइंडिंग करून घ्यायला गेलो, मीच गाढव."

त्यावर त्याचा एक मित्र बोलला, "रमेशभाऊ, राखीचा अल्टरनेटर होता तो. राखीसारखाच चार दिवस टिकला." सगळे हसले. तो माणूस मी विसरणार नाही. त्याचं नाव मी राखीवाला ठेवलंय.

तू डबा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "जेवी ल्या, गार व्हई राहिनं."

आणि मी काय करत होतो? उभा होतो. मी तोंड उघडलं नाही, इंदू. त्याहून वाईट सांगू? माझ्या मनात आलं की एखादा फेरा खरंच चुकला असेल का हिचा. चाळीस वर्षं तुझ्या शेजारी बसून मला हे सुचलं.

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतीस. मग विचारलंस, "तुम्हाले काय वाटस?" मी म्हणालो, "काढून आणू, बघू." एवढंच. तू मान हलवलीस. संध्याकाळी तो व्हिडिओ नातेवाईकांच्या ग्रुपवर आला, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. सुमीने तो तुला दाखवला नव्हता, पण तू बघितलास. दुसऱ्या दिवशी रावेरचा ट्रकवाला आला तेव्हा तू त्याला म्हणालीस, आता डोळ्याला दिसत नाही, दुसरीकडे जा. डोळे तुझे चांगले होते. तांदळातला खडा तुला उभ्या उभ्या दिसायचा.

त्यानंतर तू तारेला हात लावला नाहीस. आठ महिन्यांनी गेलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालं होतं. मी म्हणालो, कागदावर रमेशचं नाव लिहा. त्यांना वाटलं म्हातारा भ्रमला.

तुला न्यायच्या वेळी रमेश माहेरची साडी घेऊन आला. हिरवी होती. मी दारातच अडवली. म्हणालो, "ने परत. तुझ्या साडीवाचून ती अडली नाही." गल्लीतल्या म्हाताऱ्या माझ्यावर धावून आल्या. "नाना, डोकं फिरलं का? माहेरचं लुगडं अडवतं का कोणी?" मग साडी तुझ्या अंगावर पडू दिली. पण तो वाकला तेव्हा त्याच्या कानाशी जाऊन बोललो, "तेराव्यानंतर शेडवर येतो. ते चारही जण बोलावून ठेव. हिची वाइंडिंग तपासू. चांगली निघाली तर त्यांच्यासमोर तोंड उघडायचं." तो म्हणाला, "दाजी, आत्ता हे..." मी म्हटलं, "आत्ताच."

गेलो. पिशवीत मीटर, तारा तपासायचा सिरीज बल्ब, पाने आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेला तुझा फोटो. तुझा अल्टरनेटर त्याने काढून शेडच्या कोपऱ्यात टाकला होता. दुसरा मागवतो म्हणाला होता, तो काही आला नव्हता. चौघं खुर्च्या टाकून बसले. राखीवाला म्हणाला, "नाना, चहा घ्या आधी." मी म्हटलं, "तुझा चहा तूच पी."

त्यांच्यासमोर खोलला. तिन्ही वाइंडिंगला बल्ब लावला, तिन्ही सारख्या. एकही बॉडीला लागत नव्हती. रोटर बरोबर, ब्रश अर्धेही झिजलेले नाहीत. तू बांधलेला दोरा नखाने ओढला तरी हलला नाही. मी त्यांना सांगितलं, हात लावून बघा. रमेशने लावला. बाकीचे बघत राहिले.

मग तोच अल्टरनेटर इंजिनावर चढवला, पट्टा ताणला, इंजिन सुरू करायला लावलं. सुई नाचली. राखीवाला म्हणाला, "नाना, आता काय हो?" मी म्हटलं, "आता गप बस."

दोष शोधायची माझी एकच रीत आहे. वीज निघते तिथून पोचते तिथपर्यंत चालत जायचं आणि कुठं हरवते ते बघायचं. इंजिन चालू ठेवून मीटर लावत गेलो. अल्टरनेटरपासून बॅटरीच्या अधिकपर्यंत काही हरवत नव्हतं. इंजिनाच्या अंगापासून बॅटरीच्या उण्यापर्यंत काही हरवत नव्हतं. मग एक टोक रेग्युलेटरच्या डब्याला लावलं आणि दुसरं बॅटरीच्या उण्याला. तिथं शून्य यायला पाहिजे. आला दीड. मग एक. मग दोन. सुई नाचत होती तसा आकडा नाचत होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अल्टरनेटरने किती वीज करायची ते रेग्युलेटर ठरवतो. तो बॅटरीचा अधिक आणि उणा, दोन्ही बघून ठरवतो. त्याला उणा नीट मिळाला नाही तर त्याला वाटतं बॅटरी उपाशी आहे, आणि तो ढकलत राहतो, ढकलत राहतो, पडदे जळेपर्यंत ढकलतो. म्हणजे रेग्युलेटरला अर्थिंग नव्हती. वाइंडिंगचा काहीच संबंध नव्हता. तू सुटलीस.

आणि तिथंच माझा हात थांबला, इंदू. कारण तो रेग्युलेटर मी लावला होता.

ट्रॅक्टर असो, ट्रक असो, जीप असो, आयुष्यभर मी रेग्युलेटरचा डबा बॉडीला दोन स्क्रूने मारत आलो. बॉडी लोखंडाची, तीच बॅटरीचा उणा. वेगळी तार कोण देतं? खानदेशातला कोणताही वायरमन आणा, तो हेच करेल. विमानात इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये प्लायची भिंत आहे, तिच्या पलीकडे पातळ पत्रा. अल्टरनेटर बसवायला आपण आलो होतो त्या दिवशी मी डबा प्लायवर ठेवला आणि दोन स्क्रू मारले. स्क्रूची टोकं पलीकडच्या पत्र्याला जेमतेम टेकली. इंजिन बंद असताना टेकायची, थरथरलं की सुटायची.

तू माझ्या मागे उभी होतीस. चष्मा डोक्यावर. मला आठवतंय तू काय म्हणालीस ते. "ओ, लाकूडले अर्थिंग कथाईन येई?" लाकडाला अर्थिंग कुठून येणार, म्हणून.

आणि मी काय म्हणालो तेही आठवतंय. रमेश ऐकत नाही ना हे बघून म्हणालो, "तुनी वाइंडिंग तू देख. वायरिंग मनी शे."

म्हणजे तुला माहीत होतं. सुई नाचली तेव्हा माहीत होतं, रमेश भुंकत होता तेव्हा माहीत होतं. तू फक्त बोट दाखवलं असतंस तरी चौघांत मी उघडा पडलो असतो. तू बोट दाखवलं नाहीस, जेवण गार होतंय म्हणालीस. एसटीत तू मला विचारलंस, तुम्हाले काय वाटस. मला आता कळतं, ती मला बोलायची जागा करून दिली होती तू. आणि मी म्हणालो, काढून आणू, बघू.

हे सगळं माझ्या डोक्यात तिथं उभ्या उभ्या फिरलं. इंजिन चालूच होतं. रमेशने वाकून विचारलं, "दाजी, सापडला?"

मी म्हणालो, "सापडला. तू या पत्र्याला रंग मारलास. रंगाने अर्थिंग तुटली. दोष तुझा."

रंग त्याने मारला होता, हे खरं आहे. तेवढंच खरं होतं. मी बॅटरीच्या उण्यापासून रेग्युलेटरपर्यंत वेगळी जाड तार ओढली, दोन्ही टोकांना लगच्या कड्या दाबून पक्की केली. परत सुरू केलं. सुई चौदाच्या थोडी वर जाऊन बसली, ती हललीच नाही. कितीही चढवा, हलली नाही. मग मी टॉवेल सोडला आणि तुझा फोटो पुढे धरला. रमेश म्हणाला, "अक्का, तुझं काम चोख होतं. मीच रंग मारला आणि तुलाच बोललो." राखीवाल्यालाही मी बोलायला लावलं. तो खाली बघून म्हणाला, "काकू, माफ करा." मी म्हटलं, "मोठ्याने." त्याने मोठ्याने म्हटलं. मग मी सांगितलं, हेसुद्धा शूटिंग करा आणि त्याच ग्रुपवर टाका. टाकलं. यावेळी कोणी हसलं नाही.

घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या त्या याच दिवशी.

पुढच्या आठवड्यात लताचा फोन. लता म्हणजे रमेशची बायको. म्हणाली, "दाजी, हे शेडवर जात नाहीत. जेवत नाहीत. नुसते म्हणतात, माझ्या रंगाने अक्काला मारलं." मी म्हणालो, "बरोबर म्हणतो. म्हणू दे." आणि फोन ठेवला. मला वाईट वाटलं नाही. तुझ्यासमोर कशाला लपवू. मी दुकानात जाऊन तुझ्या पाटावर बसलो आणि मनाशी म्हटलं, आठ महिने ही जेवली नाही नीट, आता रमेश, तू राहा उपाशी.

इथपर्यंत लिहून मी वही मिटली होती. परत वाचायला घेतलं तर पहिल्या ओळीवर अडकलो. रडवला, रडवला, असं दोनदा लिहिलंय मी, आणि ज्या चुकीसाठी रडवला ती माझी होती. पेन ठेवलं आणि सकाळच्या एसटीने देवपूरला गेलो. पुढचं तिथून आल्यावर लिहितोय.

रमेश खाटेवर होता. दाढी वाढलेली, पांढरी. मला बघून उठायला लागला. मी म्हटलं, पडून ऐक. सगळं सांगितलं. स्क्रू, प्लाय, तू मागे उभी होतीस ते, मी काय बोललो ते. रंगाचं खोटं बोललो, तेही. लता दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं आता हा उठेल आणि माझ्या थोबाडीत मारेल. मी तयार होतो. चष्मा काढून खिशात ठेवला होता.

तो खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "दाजी, अक्काचा मला फोन आला होता."

"कधी?"

"अल्टरनेटर बसवून तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाली, रमेश, चालू कराना पहिले एक डाव अर्थिंग देखी ले. पन त्यासले सांगू नको."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. मी म्हणालो, अक्का, वायरिंग दाजींची आहे, त्यात काय बघायचं. तू तुझ्या वाइंडिंगचं बघ."

माझा हात त्याच्या गळ्याकडे गेला, इंदू. खरंच गेला. त्याने तो बघितला आणि मान बाजूला केली नाही. पण त्याने तुला जे सांगितलं होतं ते मी तुला आधीच सांगितलं होतं, शब्दाला शब्द. हात तसाच खाली आला आणि मी खाटेच्या कडेवर बसलो. तू मला सांगितलंस. मी ऐकत नाही म्हणून त्याला सांगितलंस. चौथी शिकलेला आणि कॉलेजात शिकवलेला, दोघांनी तुला परत तुझ्या पाटावर बसवलं. आणि काम बिघडल्यावर दोघांनीही तुझ्याकडेच बघितलं. तो तोंडाने बोलला, मी मनात बोललो, फरक एवढाच.

लता म्हणाली, "बाईने सांगितलं होतं दोघांना. दोघांना." आणि आत गेली. तिने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. बरं केलं.

मग रमेश उठला आणि कपाटातून एक जाड वही काढून आणली. विमानाला अशी वही ठेवावी लागते म्हणाला. काय बिघडलं, का बिघडलं, कोणाच्या हाताने नीट झालं, सगळं लिहायचं, आणि लिहिलेलं पान फाडायचं नाही. परवानगी देणारे साहेब एक दिवस ती पानं वाचतात. त्याने त्या दिवसाचं पान उघडलं. त्याच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: कारण, अल्टरनेटरची वाइंडिंग सदोष. तुझं नाव नव्हतं, पण दुसऱ्या कोणाची वाइंडिंग त्या विमानात होती?

त्याने त्यावर एक आडवी रेघ मारली आणि पेन माझ्याकडे दिलं. "तुमच्या अक्षरात लिहा, दाजी."

मला वेळ लागला. अक्षर वाकडं आलं. लिहिलं: रेग्युलेटरला अर्थिंग दिली नव्हती. द्यायला पाहिजे हे इंदूबाईने दोघांना सांगितलं होतं. दोघांनी ऐकलं नाही. वाइंडिंग चांगली आहे.

रमेशने वाचलं. दोघांनी, या शब्दावर त्याचं बोट थांबलं. मग त्याने खाली सही केली, आणि करताना त्याचं तोंड एवढंसं झालं. मी नीट बघून घेतलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग त्याने वही फिरवून माझ्यापुढे सरकवली. म्हणाला, "आता तुमची."

मी सही करायला वाकलो. मान वर केली नाही, पण मला माहीत होतं, तो माझ्या तोंडाकडे बघत होता.